निपाणीत कोरसचा दिवा लागंना

निपाणीच्या स्टेजवर पीटरअण्णांनी पेडल पायानं दाबलं. लाल दिवा लागंना. परत दाबलं. न्हाय. पडद्याम्होरं लोक शिट्ट्या मारालते.

मी आर्केस्ट्रातला मिमिक्रीवाला. पीटरअण्णा गिटारवाले, बेळगावच्या कॅम्पातले. आप्पा आमचे मालक.

पेडल म्हंजे पायाशी ठेवायचा डबा. गिटारची वायर त्यात, त्यातनं दुसरी ॲम्प्लिफायरला. मधल्यामधी आवाज बदलतोय. आधी फझ आला, स्पीकर फाटल्यागत खरखरायचा. मग वा-वा, लेकरू रडल्यागत. आता ह्यो नवा कोरस, अण्णांच्या बोटीवरल्या भावानं आणलेला. एका गिटारच्या दोन करतोय. दुसरा आवाज इवलासा मागनं, जरासा थरथरत. दोघं मिळून आरती म्हणतात बघा, चाल एकच, पण अगदी जुळत न्हाय. म्हणूनच लई भरीव वाटतंय.

हे तिन्ही आवाज मी तोंडानं काढून अण्णांना छळायचो. "गप रं माकडा," म्हणायचे.

कार्यक्रमाचे पैसे देणाऱ्या तंबाखूवाल्या सावकारांनी कोरस कॅम्पात ऐकलता. आप्पांना बजावलं हुतं, "ह्योच आवाज पायजे. न्हाय तर पुढल्या गणपतीला कोल्हापूरची पार्टी." आता ते पैल्या रांगेत बसलते.

"बॅटरी गेली," अण्णा म्हणाले.

"कालच नवी घातली की!" आप्पा वरडले.

"घातली. तालमीनंतर वायर काढू दिली काय तुम्ही?"

आप्पांचा नियमच तसा. वायरी जोडलेल्याच ट्रंकेत भरायच्या, स्टेजवर टाईम वाचतोय. पण ह्या डब्यात गिटारची वायर खुपसली की बॅटरी चालू. पायाचं बटन नुसतं आवाज बदलायचं. ट्रंकेत बसून बॅटरी कालपास्नं खर्च हुईत हुती.

"दुसरी?"

"बेळगावात. घरात."

तेवढ्यात पडदा उघडला.

अण्णांनी गिटार सरळ ॲम्प्लिफायरला लावली. वाळल्या भाकरीगत आवाज. सावकारांच्या कपाळाला आठी. अण्णा विंगेकडं वळून कुजबुजले, "माकडा, माईक घे! रोज करतोस ते कर!"

"मागनं कायमचा हाकलणार न्हाय न्हवं?"

"कर रं बाबा!"

मी विंगेत लपून सुरू झालो. अण्णा वाजवतील ते नाकातनं, इवलासा मागनं, थरथरत. सावकारांची मान डोलायला लागली. आप्पांनी देवाला हात जोडले. पण स्टेजच्या मागंच तंबाखूची वखार. दुसऱ्या कडव्याला वाऱ्याबरोबर तिची धूळ नाकात शिरली, आणि आमचा कोरस खोकला. जोरात. माईकमधनं.

गाणं संपल्यावर सावकार मागं आले.

"आवाज भारी हाय आप्पा. पर त्या डब्याला खोकला कशाचा?"

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. सावकार पोट धरून हसले. "पुढल्या गणपतीला ह्यो डबा पैला घेऊन या!"

तवापास्नं तालीम संपली की आप्पाच वरडतात, "वायर काढली काय रं?" त्यांच्याच आवाजात मी म्हणतो, "काढली रं!"

शिकलो एवढंच. बटन दाबून पेडल बंद हुईत न्हाय, वायर काढायला लागतीया. आप्पांचं वरडणंबी तसंच हाय. फक्त त्यांची वायर कुठं हाय, ते अजून घावलं न्हाय.