घर कोणत्या बाजूला?

आम्ही नुकताच धम्म घेतला होता. देव तर बाने सोडलेच होते, माणसांवरही त्याचा भरवसा नव्हता. मी त्याचाच मुलगा. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या घरी पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

अशात नागपूरच्या माझ्या गणिताच्या सरांनी विचारलं, येतोस का कलकत्त्याला? तिथे हिशेब करणारं विजेचं यंत्र आलं होतं. पुढे ते विचारही करू लागेल, असं सर म्हणत. त्याला शिकवायला सर स्वतः निघाले होते. मला आभाळ ठेंगणं झालं. यंत्राला जात कळत नाही, एवढ्यासाठीच मला तिथे जायचं होतं.

बाला वेगळाच वास आला. "एवढं चांगलं कोनी फुकट देत नाई. मले पाहू दे तुह्या सरले."

आमच्या वडनेरहून मोटारीने आम्ही नागपूर गाठलं. सरांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला. आपला कप आणि सरांचा कप एकाच जोडातले आहेत का, ते बाने निरखून पाहिलं. होते. मग सर सहज म्हणाले, "वडनेरात घर कोणत्या बाजूला?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळायचं नाही. अशा वेळी आमच्याकडे लोक घराची बाजू विचारतात. बाजूवरून वस्ती कळते, वस्तीवरून जात. बा ताडकन उठला. सर गडबडले. "अहो, माझी बहीण दिलीय तिथे, म्हणून विचारलं."

रस्त्यात बा म्हणाला, "मी उठल्यावरच बहीण काऊन आठवली त्याले?"

मी चिडलो. सर भले होते असं मला वाटायचं. आजही वाटतं, पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"सर कसे का असेनात, बा. मशीन तर नाई इचारत!"

"त्याले शिकवनार कोन?"

"सरच."

"मंग तेही इचारनच."

मला रडू फुटलं. सगळं हातचं गेलं असं वाटलं. मोटार आली तेव्हा बा म्हणाला, "जाजो तू. पन त्या मशीनपासून हलू नको. हे लोक त्याले काय शिकवून राह्यले, ते पाह्यत राह्यजो."

मी गेलो. माझ्या त्या साऱ्या वर्षांना लोक संशोधन म्हणतात. मी पाळत ठेवत होतो. पुढे यंत्राला शिकवणाऱ्यांत मीही आलो, तेव्हापासून स्वतःवरही.