त्या भिंतीला भोपळे का नव्हते

आनंदराव सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्या नकाशाआधी माझी टेप तपासली. तिचं टोक पाऊण इंच झिजलेलं निघालं. "हिनं मोजलंस ते समदं पुन्यांदा मोज," म्हणाले. नवीकोरी पदवी घेऊन आलेल्या मला भयंकर राग आला.

सांगलीत उभा जन्म इमारती बांधण्यात घालवलेले सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. सरकारी उतारा असो की मालकाचा शब्द, पडताळल्याशिवाय ते मान डोलावत नाहीत.

मिरजेत एका चिंचोळ्या जागेवर बारा मजली इमारत उभारायची होती. दोन्ही बाजूंना घरं, समोर बोळ. आराखडा त्यांनी माझ्यावर सोपवला; माझं पहिलंच स्वतंत्र काम. मागच्या हद्दीला लागून रहीमचाचांचा तंबोऱ्यांचा कारखाना होता. सर रोज तिथे जाऊन बसू लागले. मग एके दिवशी म्हणाले, "मागचा खांब एवढ्यात धरू नको." माझ्या मनात पाल चुकचुकली. शेजाऱ्याशी यांचं काहीतरी साटंलोटं आहे, असं मी परस्पर जागेच्या मालकांच्या कानावर घातलं. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर चौथ्या दिवशी सर मला कारखान्यात घेऊन गेले. तीन भिंतींवर तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले, आमच्या बाजूची भिंत मात्र रिकामी.

"आवं ताई, हितं आमी भोपळा कवाच टांगत न्हाई," चाचा म्हणाले. "भर उन्हाळ्यातबी बुरशी धरती."

भिंतीत बारमाही ओल, म्हणजे आमच्या हद्दीत जुनी विहीर असणार, असं सरांनी ताडलं होतं. जागेचे मालक छातीठोकपणे सांगत होते, इथे विहीर कधीच नव्हती. उताऱ्यातही नव्हती. मातीची तपासणी झाली होती, पण ती जागेच्या पुढच्या अंगाला. सरांनी मागे खणायला लावलं. आठ फुटांवर दगडी बांधकाम लागलं. बुजवलेली विहीर, आणि माझा खांब नेमका तिच्यावर!

खांब सरकवला, आराखडा बदलला. नकाशाच्या कोपऱ्यात नाव मात्र सरांनी माझंच ठेवलं. मी सरांकडे चहाडीची कबुली द्यायला गेले, तर मालकांनी त्यांना सगळं केव्हाच सांगितलं होतं. टेप गुंडाळत सर म्हणाले, "संशय घेतलास त्ये ब्येस केलंस. पर आधी जमिनीवर घ्यायचा, माणसावर मागनं."

त्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, मागच्या अंगाला, आता मी राहते. माझी लेक त्याच खांबाशेजारी निर्धास्त झोपते.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि डॉक्टर "प्रकृती ठणठणीत आहे" म्हणाले, तरी त्यांनी तेही पुन्हा तपासून घ्यावं.