घरचं कुलूप

पेंडीच्या कारखान्यात तिला सगळे भागूबाई म्हणायचे. ते काही तिचं नाव नव्हतं. भित्री भागूबाई, म्हणून भागूबाई. आणि गंमत अशी, की अख्ख्या कारखान्यातलं सगळ्यात भीतीचं काम तिच्याच वाट्याला आलेलं. गुरांच्या पेंडीसाठी कोंडा आणि मळी ज्यात कालवतात, त्या मिक्सरच्या पोटात उतरायचं आणि पात्यांवर बसलेला चिकट थर खरवडून काढायचा. लांबलचक लोखंडी पेटी, मधून जाडजूड दांडा, दांड्याला पिळदार पाती. आत माणूस असताना ती फिरली तर काय होईल, हे कुणी बोलत नसे.

भागूबाई मात्र ते रोज मनात बघायची. म्हणून उतरण्याआधी मिक्सरचा स्विच बंद करून ती त्याच्या दांडीला आपलं कुलूप घालायची, दोनदा ओढून बघायची आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवायची. नियमच होता तसा. जो आत जाईल त्याचं कुलूप, आणि त्या कुलपाला किल्ली एकच. बाकीचे नियम भिंतीवर धूळ खात होते, हा एक तिच्या गळ्यात होता. गोण्या शिवणारी तिची मैत्रीण चिडवायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस गं तुझ्या. भागूबाई म्हणायची, ब्रह्मराक्षस परवडला, ही पाती नकोत.

एक दिवस मळी जाऊन जाऊन ते कुलूप कायमचं गच्च झालं. तिनं फोरमनकडे नवं मागितलं. फोरमन काही वाईट माणूस नव्हता. सगळं उद्यावर ढकलायची त्याला सवय होती, एवढंच. पण वाईट माणसानं जेवढी माणसं मारली नसतील तेवढी या 'एवढंच'नं मारली आहेत. नवं येईल पुढच्या आठवड्यात, तो म्हणाला, तोवर घरून एखादं आण. कुलूप ते कुलूप.

घरी फळीवर जुनं पितळी कुलूप पडलं होतं. नवऱ्यानं गेल्या सुट्टीत दाराला नवं आणून बसवलं, तेव्हापासून ते तिथेच होतं. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. घरात ती आणि धाकटा दीर. लग्न होऊन ती आली तेव्हा दीर शाळेत जात होता आणि वेंधळेपणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सासू तेव्हा हयात होती. एकदा त्यानं झोपलेल्या आईला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं आणि दिवसभर खेळायला गेला. त्या दिवशी भागूबाईनं त्याला असं फैलावर घेतलं, की पुढे कुलूप हातात आलं की दारावर दोनदा आपटायचं आणि 'आत कोणी आहे का?' असं ओरडायचं, हे त्याच्या अंगातच मुरलं. आता तो त्याच कारखान्यात दुसऱ्या पाळीला मिक्सर चालवायचा.

तिनं ते पितळी कुलूप स्विचला घातलं, दोनदा ओढलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि आत उतरली. ती आत असेपर्यंत झाकणापाशी मैत्रिणीनं उभं राहायचं असे. त्या दिवशी फोरमननं तिला गोण्यांकडे पिटाळलं. कुलूप आहे ना, मग माणूस कशाला अडकवायचा?

खरवडता खरवडता भागूबाई दांड्याखालून सरकत पार टोकाला गेली. पाठीवर पडून वरच्या पात्याला खुरपं लावलं तशी गळ्यातली किल्ली घसरून कानाशी आली. ओळखीची किल्ली. तिला जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं या किल्लीनं दार उघडलं आपण, तिच्या मनात आलं. आपण, नवरा, भाऊजी.

तिचं खुरपं थांबलं. या कुलपाला किल्ल्या तीन होत्या. दिराच्या जुडग्यात जुन्या सायकलीचीसुद्धा किल्ली अजून होती. तो कुठली ही काढून टाकायला!

इतक्यात पाळी बदलल्याचा भोंगा झाला. ती उलटी सरकायला लागली. कमरेच्या फडक्याची गाठ पात्यात अडकली. ती ओढायला गेली तर आणखी आवळली. ती ओरडली, पण बाजूची चक्की धडधडत होती आणि तिचा आवाज लोखंडात घुमून तिच्याच अंगावर येत होता. वर झाकणाचा उजेड वहीच्या पानाएवढा दिसत होता. खुरप्यानं ती फडकं कापत राहिली. भीती तिला नवी नव्हती, पण आजवरची भीती सावध ठेवायची. ही भीती हातपाय काढून घेत होती.

चक्की थांबली. एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत फोरमनचा आवाज आला, वहिनी कधीच गेली असेल तुझी, पाळी संपली तिची, विसरली असेल कुलूप. मग दीर म्हणाला, अरे, हे तर आमच्या घरचंच. माझ्याकडे आहे की याची किल्ली.

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. बोबडी वळणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं.

कुलूप उघडल्याचा खट् असा आवाज झाला. तिच्या घराच्या दाराचा आवाज.

मग मिक्सरच्या पत्र्यावर दोनदा काहीतरी आपटलं, आणि दीर अगदी दारात उभा असल्यासारखा ओरडला, "आत कोणी आहे का?"

आहे, एवढंच म्हणायचं होतं. तेही जमेना. तिनं खुरपं पात्यावर हाणलं, पुन्हा हाणलं, आणि हाणतच राहिली.

तिला बाहेर काढल्यावरही खुरपं तिच्या मुठीतून सुटत नव्हतं. दीर जमिनीवर बसला होता, कुलूप हातात, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. कुलूप हातात आलं म्हणून हात आपसूक आपटला गेला, एरवी बटण दाबलंच असतं, हे तो ज्याला त्याला सांगत होता. फोरमन म्हणाला, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. आणि झालं नाही ना काही? मग झालं तर. भागूबाईला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पण हात उचलवत नव्हता.

नवं कुलूप दुसऱ्याच दिवशी आलं. उद्याचं काम आजही होऊ शकतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्यासोबत दोन किल्ल्या होत्या. दुसरी तिनं फोरमनसमोर लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं चेचली. मैत्रीण झाकणापाशी असल्याशिवाय ती आत पाऊल ठेवीना, आणि तिला कुणी भागूबाईही म्हणेना. नावानं हाक मारायला लागले, तर तिला दचकायला व्हायचं.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी ती आणि दीर मिळून बाजाराला निघाले. ती पिशवी घेऊन पायरीवर उभी. दिरानं दार ओढलं, कुलूप दोनदा आपटलं आणि विचारलं, "आत कोणी आहे का?"

"आहे," ती मागून म्हणाली. "मी आहे."

दीर वळला. ती दाराकडेच बघत होती. तो हसला नाही. त्यानं दार पुन्हा उघडलं, दोन्ही खोल्या बघून आला, आणि मग कुलूप तिच्या हातात दिलं.

"वहिनी, तूच लाव," तो म्हणाला.

ती बराच वेळ कुलूप धरून उभी राहिली. मग दोघं दार नुसतं लोटून बाजाराला गेले.