करंगळीचा मीटर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या परीक्षेला एकच दिवस उरला होता. ॲम्प्लिफायर चालू केला की माझ्या स्पीकरचा पडदा पुढे येऊन तसाच अडकायचा. पुन्हा एक वर्ष घालवणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. शेवटी सगळं घेऊन केडगावच्या एका रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

तिथल्या काकांनी व्होल्टेज मोजायचा मीटर उचललाच नाही. ॲम्प्लिफायर चालू करून पुढे आलेल्या पडद्यावर करंगळी टेकवली आणि हसले.

"इंजिनिअर साहेब, आधी एकाच बॅटरीवर चालायचा ना ह्यो ॲम्प्लिफायर?"

"हो काका. मी त्याला अधिक-उणे असा दुहेरी वीजपुरवठा दिला."

"पन त्याची जुनी सवय न्हाई मोडली! एका बॅटरीवर आवाजाला वर-खाली हलायला जागा हवी, म्हनून त्याला अर्ध्या व्होल्टेजवर उभं करत्यात. आता खाली उणे हाय, तर शून्यावर उभं करा. अंगण मोकळं असून पाव्हन्याला माळ्यावर बसवलंय तुमी!"

आवाजाला अर्ध्या व्होल्टेजवर उचलून धरणारा, अधिकच्या तारेला जोडलेला एक रेझिस्टर त्यांनी मलाच काढायला लावला. पडदा जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "यात नवीन काय घातलंस?"

"सर, एक रेझिस्टर काढला," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

घरातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा काकांच्या दुकानात पेढे घेऊन गेलो. त्यांचं नाव तेव्हाही विचारायचं राहिलं. काकांनी उजव्या हातानं पेढा घेतला. डाव्या हाताची करंगळी कुणाच्या तरी स्पीकरवर टेकलेली होती.