कमोडवरची महाराणी

जमिनी गेल्या, मोबदल्याच्या पैशातून बंगला उभा राहिला आणि मी ठरवलं, आता जागचं हलायचं नाही. मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली मी बाई, पण अक्कलही बहुतेक तिथेच उतरवून आलेली. ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर बसायची. पाणी सुनेनं आणायचं, चष्माही सुनेनंच. कामोठ्याहून पाहुणे आले की सांगायची, "आमी आता काय बी करत नाय." केवढा तो तोरा!

चुलीच्या धुरानं फुप्फुसं आधीच जाळली होती. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा कायमचा आजार, म्हटल्यावर तर बाईसाहेबांना बसून राहायचा परवानाच मिळाला. कफ होतो म्हणून मासळी बंद, अंडी बंद. चहात बुडवलेली खारी मात्र चालू.

मग एके सकाळी महाराणी कमोडवर बसल्या त्या उठेचनात. श्वास ठीक होता, मांड्याच उचलेनात. मुलानं कडी तोडली. नवी बसवली, पण ती लावायची मला बंदी! सून बाहेर उभी राहणार आणि विचारणार, "झालं का, आई?" शी! मला जगातलं दुसरं काही नको होतं, फक्त ती कडी लावायची होती.

डॉक्टरीण म्हणजे कालची पोर. म्हणाली, "आजी, फुप्फुसातली सूज तिथेच थांबत नाही. तिची रसायनं रक्तातून मांडीपर्यंत जातात. मग स्नायूतली प्रथिनं बनतात कमी, मोडतात जास्त. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रियाही मंदावतात. त्यात तुम्ही बसून राहिलात आणि अंडी-मासळी सोडलीत."

"मग त्याची गोळी दे."

"स्नायू परत आणणारी गोळी अजून नाही. उठा."

"कशाला?"

"आता बसा. परत उठा."

याला म्हणे उपचार! शाळेतल्या शिक्षेसारख्या उठाबशा, पायाला वाळूच्या पिशव्या. ताटात बोंबील परत आले, तेवढंच काय ते बरं. कित्येक महिने त्या पोरीला मनात शिव्या घालत मी उठले, बसले.

परवा गुपचूप कडी लावली.

"आई, कडी काढा!"

"नाय काढत."

पहिल्यांदा जेमतेम उचलले गेले आणि परत आपटले. दार बडवणं सुरू झालं. गुडघ्यांवर हात रेटले, ओठांचा चंबू करून श्वास सोडला आणि उभी राहिले. भिंतीला हात न लावता.

मग मुद्दामच आणखी थोडा वेळ कडी लावूनच ठेवली. मारू दे बोंबा.