न अडवलेले दोन गोल

कॅप्टननं ओट्यावर खडूनं मैदान आखलं. आपल्या गड्यांसाठी चिंचोके मांडले, शिरवळकरांसाठी खडे. माझ्यासाठी चुलीतला कोळसा आणवला.

"तू खाली उभा असतोस. तिथून तुला दिसायला पाहिजे ना!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

हे भोर संस्थानातलं सांगतोय, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाचं. भोरात शिकल्यासवरल्या घरच्या पोरांचा फुटबॉलचा संघ होता. त्यात महारवाड्यातला मी एकटा. माझा चुलता पलटणीत होता. त्यानं रजेवर येताना चेंडू आणला आणि भात निघालेल्या खाचरात आम्ही पोरं अनवाणी खेळायला शिकलो. कॅप्टननं मला तिथं पाहिलं आणि संघात बोलावलं. तो वकिलाचा मुलगा. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस!

मॅच झाली की त्याच्या ओट्यावर खेळाची चिरफाड व्हायची. कोण कुठं चुकला, कुणाचा पास कसा गेला. संघ जाजमावर, मी अंगणात उभा. त्यांना कपबशी, मला करवंटी. मी ते गिळत होतो, कारण कोण चांगला खेळला हे सांगताना त्या ओट्यावर माझं नाव निघायचं. दुसरीकडं कुठंच निघत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही शिरवळच्या संघाला हरवलं होतं. दोन्ही गोल माझे.

आधी गोलकीपरची पाळी. जागा सोडून धावतोस, म्हणून त्याला झापलं. मग लेफ्ट हाफ. "चेंडू काय घरी नेणार होतास? सोडत जा." राइट आउटला शाबासकी. मी कान टवकारून उभा. आता माझं येणार.

कॅप्टननं कोळसा उचलला.

"आता आपली खरी युक्ती बघा." त्यानं कोळसा पुढं सरकवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं दोन खडे बाजूला केले. "हा आला की त्यांचे बॅक असे सरकतात. अंगाला अंग लागलं तर विटाळ. म्हणून तर याला सेंटरला घातला. आणि म्हणूनच सांगितलं होतं, पास देताना याला जातीच्या नावानं हाक मारा. मोठ्यानं. शिरवळवाल्यांना कळायला नको?"

"घे रे म्हारा!" मैदानभर तीच हाक होती. जन्मापासून तीच ऐकलेली. मला त्यात वेगळं काही वाटलंच नव्हतं.

दुसरा गोल डोळ्यांपुढं आला. त्यांचा दांडगा बॅक समोर होता. मी डावीकडं हूल दिली. तो दोन्ही हात वर करून मागं सरला. मला वाटलं, फसला. किती खुशीत होतो मी! त्यानं माझी हूल पाहिलीसुद्धा नसेल.

"पयला गोल तर म्या लांबनं मारला," मी म्हणालो. "तवा म्होरं कुणी नव्हतं."

"आणि लांबून निवांत मारायला जागा कशी मिळाली तुला?" कॅप्टन म्हणाला.

मी पाहिलं, कोळशापुढचे ते दोन खडे अजून बाजूलाच होते.

शिव्या मी पचवल्या होत्या. करवंटी पचवली होती. पण पायातला खेळ माझा एकट्याचा होता. या माणसानं तोही काढून घेतला. मी चांगला खेळलो की नाही, हे आता मलाच सांगता येत नव्हतं. खाचरात चुलतभाऊ मला अडवताना नडगी फोडायचा. त्याला चुकवून गेलो की कळायचं, आपण गेलो.

"पुढची मॅच सासवडला," कॅप्टन म्हणाला. "तिथले याहून कडक आहेत. हाच डाव. तू फक्त पळत सुटायचं."

"मी न्हाई येनार."

"काय म्हणालास?"

"मी न्हाई येनार. तुमी मला खेळवत न्हाई. माजी जात खेळवताय."

राइट आउट उठून बसला. मॅचभर त्याला मीच चेंडू पुरवला होता. "संघात घेतलं हे काय कमी आहे रे तुला?"

मी संघाचा सदरा अंगातून काढला. पायरी चढलो. थेट ओट्यावर. अख्खा संघ जाजम सोडून भिंतीला चिकटला. कॅप्टनसुद्धा. कुणी मला धरलं नाही, ढकललं नाही. धरायला हात लावावा लागतो. सदरा त्या आखलेल्या मैदानावर टाकला. चिंचोके, खडे, कोळसा, सगळं त्याखाली गेलं. मी खाली उतरलो आणि घरी आलो.

आईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "वट्यावर चढलास? आता वस्तीवर काय येतंय बघ." भीती मलाही होती. खोटं कशाला सांगू. पण माघारी जाऊन पाया पड म्हणाली, तेव्हा मी नाही म्हणालो.

माझी जात हत्यार म्हणून मी पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही. मला अडवायचं त्यानं छातीला छाती भिडवून अडवावं. नडगी फोडावी. मी पडेन, हरेन, चालेल. पण जो माझ्यासमोरून नुसता बाजूला होईल, त्याच्यापुढं मी एक पाऊलही पळणार नाही. चेंडूवर पाय ठेवून तिथंच उभा राहीन. म्हणेन, ये. अडव.