वरच्या वावराची मोजणी

"बोर्ड उतरवा आधी, मंग बोला!"

गंगाबाई बैलाचं दावं हातात घेऊन अँटेनाखाली उभी होती आणि माझ्या स्क्रीनवर सिग्नलऐवजी नुसते खिळ्यांसारखे टोकदार झटके उमटत होते. टक्, टक्, टक्. हा तिच्या कुंपणाचा करंट. रानडुकरांसाठीचं ते कुंपण दिवसा बंद ठेवायचं, असं आमचं ठरलं होतं. आज तिनं रागानं भर दुपारी चालू केलं. आणि नेमका आमचा शेवटचा दिवस! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

काम साधं आहे. आकाशगंगेतून रेडिओ लहरी येतात. त्या उभ्या हलतात की आडव्या, याला पोलरायझेशन म्हणतात. त्यावरून तिथलं चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे ते कळतं आणि त्याचा नकाशा करता येतो. पण लहरी फार अशक्त. जवळपास साधी ठिणगी उडाली तरी त्या बुडतात. म्हणून शहर सोडून आम्ही तलमडुगुकडे गंगाबाईच्या पडीत वावरात अँटेना लावली. सीमेवरचा, मराठी बोलणारा हा भाग आंध्र प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट.

बोर्डाची अक्कल हैदराबादच्या सरांची. "लोकल लँग्वेजमध्ये लिहा, लोक घाबरणार नाहीत." पेंटरनं काल कुठं येऊन ऐसपैस जागा सोडून लिहिलं: 'आकाश गंगा चुंबकीय क्षेत्र मोजणी'.

आता गंगाबाईच्या मुलाचं नाव आकाश. आणि आमच्याकडे क्षेत्र म्हणजे पटवाऱ्याच्या कागदावरचं, एकरातलं. 'चुंबकीय' कोण वाचतो? वावर मायलेकांच्या नावावर, बांधावरून दिराशी जुना वाद. दीर किसनराव तर जमीन मोजायची साखळी घेऊनच हजर!

"मोजणी लागली ना साहेब? मंग आमचा बी हिस्सा मोजा. वहिनीनं बांध सरकवला हाय."

"जीव गेला तरी बांध हलू देनार नाई!" गंगाबाई कडाडली.

तेवढ्यात सरांचा फोन. "डेटा कसा आहे?"

"सर, भाऊबंदकी येतेय सिग्नलमध्ये."

सर तेलुगू. "भाऊबंदकी? विच फ्रीक्वेन्सी?"

मी फोन ठेवला आणि गंगाबाईच्या हातातल्या दाव्याचं एक टोक धरलं. वरखाली हलवलं. "ही उभी लहर." मग डावीउजवीकडे. "ही आडवी. वरून अशा लहरी येतात, त्यावरून तिथलं चुंबक कुठं तोंड करून हाय ते पाहून राह्यलो आमी. तुमच्या जमिनीशी घेणं ना देणं."

"खालचं काईच नाई मोजत?"

"काईच नाई."

"मंग आले काऊन इथं?" किसनराव चिडून साखळी गुंडाळायला लागले.

गंगाबाईनं वर पाहिलं.

"त्या वरच्या वावराले दीर हाय का?"

"नाई, बाई."

"मंग मोजा खुशाल!" म्हणाली आणि जाऊन करंट बंद केला.

खिळे गेले. संध्याकाळपर्यंत डेटा स्वच्छ मिळाला. पेंटरला बोलावून बोर्डावरची 'मोजणी' आधी पुसली, मगच चहा घेतला. चंद्रावरसुद्धा बोर्ड लावायची वेळ आली, तरी शेजारी कोणाचा बांध आहे ते आधी विचारावं.